गिंपमध्ये एक अळी चालवली, नऊ दिसून राहिल्या

झेरॉक्सवाला (घाटंजी तालुका)

राजेहो, रात्रीचे दहा वाजले. दुकानाचं शटर अर्धं ओढून बसलो आहे आणि डोकं काम करून नाही राहिलं.

माझं बसस्टँडजवळ झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे. सातबारा, पीकविम्याचे फॉर्म, लग्नसराईत पत्रिका. फुकट मिळते म्हणून पत्रिकेपुरतं गिंप हे चित्रं-फोटो करायचं सॉफ्टवेअर शिकलो. नवरानवरीचा फोटो कापायचा, मागे गणपती टाकायचा, एवढंच. गेल्या आठवड्यात गावातले एक काका डोमकळी घेऊन आले, ओल्या रुमालात गुंडाळून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : कपाशीच्या फुलात गुलाबी बोंडअळी शिरली की फूल उमलतच नाही, पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळलेल्या राहतात, तिला डोमकळी म्हणतात. काका म्हणे, हिचा फोटो काढ अन् ग्रुपवर टाक, नव्या पोरायले ओळखू येत नाही. मी टाकला. कोणी ढुंकून पाहिलं नाही. सकाळच्या गुड मॉर्निंगच्या फुलांमध्ये तेही एक फूल वाहून गेलं.

मग वाटलं, चित्र हललं तर पाहतील. गिंपमध्ये लेअर म्हणजेच फ्रेम असते एवढं ऐकून होतो. सगळ्यात खाली पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानाचा फोटो ठेवला, त्यावर नऊ लेअर घेतले, प्रत्येकावर अळी थोडी थोडी पुढे सरकवली. फिल्टर्समध्ये अ‍ॅनिमेशन, त्यात प्लेबॅक. चालू केलं तर एक अळी निघते, मग दोन होतात, मग तीन. शेवटी पानभर नऊ अळ्या रांगेत, वारकऱ्यांसारख्या. तिथेच खाली एक यादी आहे, त्यात 'वन फ्रेम पर लेअर' निवडलं तर उलटंच झालं : पान गायब, अन् रिकाम्या जागी गिंप दाखवते त्या चौकड्यांवर एकटी अळी चालून राहिली.

वेगाचंही तसंच. कोणीतरी सांगितलं होतं की लेअरच्या नावापुढे कंसात वेळ लिहायची. मी लिहिली, (३००) म्हणून. काहीच फरक नाही.

पोळ्याच्या आत पाहिजे, कारण पोळ्याला सगळे गावात असतात. कोणी सांगेल काय काऊन असं होऊन राहिलं?

पुणेकर_७

एवढा खटाटोप कशाला? मोबाइलवर ढीगभर ॲप आहेत. फोटो टाकला की दोन मिनिटांत हलतो.

झेरॉक्सवाला

दादा, पाहिलं तेही. फूल हललं, पण वाऱ्यावर डोलल्यासारखं. खाली ॲपवाल्याचं नाव येते ते वेगळंच. मले डोलणारं फूल नाही, न उमलणारं फूल दाखवायचं आहे.

चित्रकलेचे सर (आर्वी)

भाऊ, तुमची अळी बरोबर चालून राहिली, गिंपही बरोबर आहे. चूक कुठे झाली ते सांगतो, जरा लांबण लागेल. मी एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, लांबण लावायची सवय आहे.

तुम्ही लेअर म्हणजे ओएचपीची पारदर्शक शीट समजून राहिले. पत्रिका करताना ते खरंच आहे : खाली गणपती, वर अक्षरं, वरून पाहिलं की सगळं एकत्र दिसते. पण अ‍ॅनिमेशन करताना त्याच लेअरची भूमिका बदलते. तेव्हा ती वहीची पानं होतात. लहानपणी वहीच्या कोपऱ्यात माणूस काढून पानं फर्रकन सोडायचो ना, ते. सगळ्यात खालचा लेअर म्हणजे पहिलं पान, मग वर वर. आता तुमचं पहिलं पान म्हणजे तो पऱ्हाटीचा फोटो, त्याला शेत म्हणू, अन् बाकीच्या नऊ पानांवर शेतच नाही, नुसती अळी.

हे एकदा कळलं की तुम्हाला दिसलेल्या दोन्ही गोष्टी आपोआप उलगडतात. गिंप विचारते, नवं पान आलं की जुन्याचं काय करू? त्या यादीतलं 'क्युम्युलेटिव्ह' म्हणजे जुनं राहू दे, त्याच्यावरच नवं टाक. म्हणून नऊ अळ्या. 'वन फ्रेम पर लेअर' म्हणजे जुनं पुसून टाक. तिथे शेतही पुसल्या गेलं, म्हणून चौकडे.

उपाय गावठी आहे पण पक्का आहे. प्रत्येक पानावर शेत पाहिजे. शेताचा लेअर ड्युप्लिकेट करा, ती नक्कल उचलून पहिल्या अळीच्या बरोबर खाली ठेवा, अळीच्या लेअरवर उजवी क्लिक करून 'मर्ज डाउन'. झालं एक पान. असं नऊ वेळा. सगळ्यात खाली रिकामं शेत उरलं असेल ते काढून टाका, नाहीतर दर फेरीला अळी क्षणभर नाहीशी होते. मर्ज करायच्या आधी मूळ फाइलची एक प्रत वेगळ्या नावानं ठेवा. मर्ज झालेली अळी पानावरून परत सोलून निघत नाही. माझी एकदा पूर्ण दिंडी अशी चिकटली होती.

२०१२ साली गिंप २.८ आलं तेव्हापासून 'सेव्ह' केलं की एक्ससीएफ, म्हणजे गिंपची स्वतःची फाइल, होते अन् जिफ या हलत्या चित्राच्या फाइलसाठी 'एक्सपोर्ट अ‍ॅज' लागते. जुन्या लोकांनी त्यावर खूप बोंब मारली, मीही मारली. आता पटते. एक्ससीएफमध्ये लेअर जिवंत राहतात. एक्सपोर्ट करताना 'अ‍ॅज अ‍ॅनिमेशन'वर टिक करा, नाहीतर सगळ्या पानांचं एकच चित्र होऊन येईल. अन् कंट्रोल-एस दाबत राहा. गिंप स्वतःहून सेव्ह करत नाही आणि आपल्याकडची लाइट काही विचारून जात नाही.

वेळेचं सोपं आहे. कंसातले अंक इंग्रजी पाहिजेत, अन् अंकांना लागून इंग्रजी छोट्या लिपीत एम आणि एस. ३०० म्हणजे ३०० मिलिसेकंद, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जरा कमी. तुम्ही देवनागरी तीनशे लिहिले, ते त्याच्या दृष्टीनं नुसतं नाव झालं. एक्सपोर्टच्या खिडकीत सगळ्यांसाठी एकच वेळही देता येते, पण मी नावातच लिहितो. कुठे थांबायचं, कुठे पळायचं ते आपल्या हातात राहते.

आता अळीबद्दल. तुम्ही एकच अळी नऊ वेळा पुढे ढकलली असणार. ती खेळण्यातल्या आगगाडीसारखी दिसत असेल. आज अंगणात कढीपत्त्यावरची एक अळी काचेखाली धरून पाऊण तास पाहिली. तिची चाल शेपटाकडून सुरू होते. आधी मागचं टोक पुढे येते, तिथे पाठीवर किंचित उंचवटा होते, तो उंचवटा लाटेसारखा पुढे पुढे सरकते, अन् तो डोक्याशी पोचला की मग डोकं पुढे जाते. म्हणजे डोकं सगळ्यात शेवटी! चार चित्रं पुरतात : सरळ अंग, शेपटाजवळ उंचवटा, मधे उंचवटा, डोक्यामागे उंचवटा. तीच चार फिरवायची अन् दर फेरीला अळी थोडी पुढे ठेवायची. उंचवटा आला की अंगाची लांबी तेवढी कमी करा, नाहीतर अळी रबरासारखी ताणल्या जाते.

पुढचं चित्र काढताना मागच्या लेअरची ओपॅसिटी ३५ वर आणा. ट्रेसिंग पेपरखालून दिसते तसं मागचं चित्र फिकट दिसते, त्यावर नवं बसवा. काम झालं की परत १०० करा. हे मी हमखास विसरतो. एकच लेअर पाहायचा असेल तर शिफ्ट दाबून डोळ्यावर क्लिक करा, बाकीचे सगळे मिटतात.

झेरॉक्सवाला

सर, पाया पडतो. कढीपत्त्यावरची अळी पाऊण तास पाहणारा माणूस मले इंटरनेटवर भेटला, आता काही मागणं नाही.

केलं तुम्ही सांगितलं तसं. एकच अळी, पानावर, शेपटापासून लाट येऊन चालून राहिली. बायकोनं पाहून पदर झटकला, म्हणजे जमलं म्हणायचं. पण आता दोन भानगडी. एक, फाइल साडेसहा एमबीची झाली. आमच्याकडे संध्याकाळी नेटवर्क असं की एवढ्यात लोक जेवून झोपतात. दुसरी, अळी गुलाबी काढली होती, जिफमध्ये ती ठिपक्याठिपक्याची, मळकट झाली. कांजिण्या आल्यासारखी.

नागपूरची_डिझायनर

दादा, दोन्हीचं मूळ तुमच्या पानाच्या फोटोत आहे.

जिफ १९८७ चा फॉरमॅट आहे, टेलिफोनच्या तारेवरून चित्रं पाठवायच्या काळातला. एका रंगतक्त्यात जास्तीत जास्त २५६ रंग. तुमच्या फोटोत हिरव्याच्याच हजारो छटा असतील, ऊन पडलेला, सावलीतला, शिरेजवळचा. गिंप सगळ्या लेअरसाठी मिळून एकच तक्ता बनवते. पंगतीत आधी बसलेल्या हिरव्यानं सगळं वाढून घेतलं, गुलाबीच्या पानात दोन भजी आली. मग तेवढ्यात भागवायला गिंप ठिपके मारून मधल्या छटांचा भास करते. त्याला डिदरिंग म्हणतात. तुमच्या कांजिण्या त्याच.

फाइल फुगली तीही त्या ठिपक्यांमुळे. जिफ एकसारखा रंग सलग असला की तो छान दाबून बसवते. ठिपके म्हणजे सलग काहीच नाही. त्यात नेहमीच्या डिदरिंगचे ठिपके दर फ्रेमला जरासे वेगळे पडू शकतात. मग पान हललं नसलं तरी फाइलच्या लेखी ते बदललेलंच असते.

फोटो काढून टाका आणि पान स्वतः काढा. दोन हिरवे, एक शिरेचा रंग, बस. ब्रशऐवजी पेन्सिल टूल घ्या. ब्रशची कड मऊ असते, तिथे वीस मधले रंग तयार होतात. चित्र आधी ४८० पिक्सेल रुंदीचं करा आणि त्यानंतर इमेजमधल्या मोडमधून इंडेक्स्ड करा, म्हणजे मोजक्या रंगांच्या तक्त्यावर बसवा. हा क्रम उलटा झाला तर कडा खडबडीत होतात, कारण इंडेक्स्ड झाल्यावर मधले रंग काढायची सोय राहत नाही. रंग ३२ ठेवा, डिदरिंग 'नन'.

मग फिल्टर्स, अ‍ॅनिमेशन, 'ऑप्टिमाइज फॉर जिफ'. हे एक नवीन चित्र उघडून देते, त्यात प्रत्येक लेअरमध्ये फक्त बदललेला तुकडा उरतो आणि नावापुढे कंसात 'कम्बाइन' लागते, म्हणजे जुनं राहू दे, त्यावर नवं टाक. म्हणजे सरांनी जी भानगड सोडवायला लावली तीच इथे कामाला येते, फक्त हिशोब गिंप करते. एक्सपोर्ट त्या नव्या चित्रातून करा आणि ते बंद करून टाका. हात लावायचा तो मूळ एक्ससीएफला.

हो, व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखं पाठवलं तर ते जिफचा छोटा व्हिडिओ करून टाकते. आपोआप फिरत राहतो, त्यामुळे बिघडत काही नाही. मूळ फाइल जशीच्या तशी हवी असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

बांधावरची

मधेच बोलते, माफ करा. मी गिंपमधली नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकले, आता घरची अकरा एकर पाहते, त्यातली सात पऱ्हाटी. तुमची चर्चा दोन दिवस वाचून राहिली आणि दोन दिवस गप्प बसली, पण आता राहवत नाही.

दादा, गुलाबी बोंडअळी पानावर चालत नाही!

तीच तर तिची खोड आहे. पानावर अशी ऐटीत फिरली असती तर २०१७ मध्ये एवढा घात झाला नसता. अंड्यातून निघाली की ती पात्यात, म्हणजे फुलाच्या बारक्या कळीत, नाहीतर कोवळ्या बोंडात शिरते आणि आतच राहते. बोंडात शिरते तेव्हा इतकी बारीक असते की बोंड वाढता वाढता ते छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड एकदम ठणठणीत. फोडलं की आत सरकी खाल्लेली, दोन सरक्या एकमेकींना चिकटलेल्या. आणि दुसरं, ती सुरुवातीला गुलाबी नसते. लहान असताना पांढुरकी, डोकं गडद. गुलाबी होते ती मोठी झाल्यावर, जेमतेम सेंटीमीटरभर. गुलाबी दिसेपर्यंत थांबलात तर नुकसान होऊन गेलेलं असते.

म्हणून ग्रुपवर टाकायचं ते फूल टाका. चांगलं फूल पहिल्या दिवशी पिवळसर पांढरं उमलते, दुसऱ्या दिवशी गुलाबी पडते, मग सुकते आणि खाली बोंड धरते. डोमकळीत अळी आतून धाग्यानं पाकळ्या शिवून टाकते, त्या उलगडतच नाहीत. दोन्ही शेजारी शेजारी दाखवा. एक उमलते, एक नाही. आणि अळी दाखवायची तर पाकळीच्या आत. पोरगा वावरात गेला तर त्याले उमललेल्या फुलात न उमललेलं फूल ओळखू आलं पाहिजे, म्हणजे तो ते तोडून नष्ट करेल.

शेवटी कामगंध सापळ्याचं (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारा सापळा) एक चित्र घाला : एकरी दोन, आणि सलग ३ रात्री रोज एका सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग आले तर फवारणीचा विचार.

चित्रकलेचे सर (आर्वी)

ताई, मी पाऊण तास कढीपत्त्याखाली उकिडवा बसलो होतो हो.

असो. पण तुमचं खरं आहे अन् काम सोपं झालं. भाऊ, अळी ठेवून द्या, पुढे लष्करी अळीले वगैरे कामी येईल. आता फूल. पाकळ्या पाच, प्रत्येक पाकळी वेगळ्या लेअरवर काढा. रोटेट टूल घेतलं की मधे एक छोटं गोल चिन्ह दिसते, ते उचलून पाकळीच्या देठाशी ठेवा, मग पाकळी तिथूनच उघडते, बिजागरीवरच्या दारासारखी. डोमकळीच्या पाकळ्या तशाच मिटलेल्या, फक्त टोकाशी जराशी हालचाल. जोर लावून राहिली पण उघडत नाही, असं वाटलं पाहिजे. तिथे वेळ १०० च्या आसपास ठेवा, बाकी ३०० चालेल.

मग अळी दाखवायची जागा. समोरच्या पाकळीची ओपॅसिटी १००, ७०, ४० अशी उतरवत न्या, दर पायरीला त्या क्षणाचं पूर्ण चित्र 'न्यू फ्रॉम व्हिजिबल'नं नव्या लेअरवर घ्या. डोळ्याला दिसते तेवढं सगळं एका पानावर उतरते, मूळ पाकळ्या सुट्याच राहतात, मर्जची भीती नाही. हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. शेवटी नुसती ती उतरवलेली पानं ठेवायची. जिफमध्ये अर्धपारदर्शक असं काही नसते, पिक्सेल एक तर आहे नाही तर नाही. पण मागे रंग भरलेला असला की फिकट पाकळी रंगातच मिसळून येते, अडचण नाही.

आपले दादासाहेब फाळके १९१३ च्या त्यांच्या पहिल्या मोठ्या चित्रपटाआधी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाचे रोज थोडेथोडे फोटो घेत बसले होते, रोप वाढताना दिसावं म्हणून. एवढं रोपावर खर्चून मग चित्रपटासाठी लोकांनी पैसे द्यावेत म्हणून दाखवत फिरले. तुमच्याकडे तर रोप कागदावरच आहे, पाणीही घालावं लागत नाही.

नागपूरची_डिझायनर

सर, पाकळी फिकट करताना छटा वाढतील, तेव्हा दादा, रंग ३२ ऐवजी ६४ घ्या. आणि अक्षरं युनिकोड फाँटमध्ये थेट गिंपमध्येच टाइप करा, जोडाक्षरं नीट येतात. पत्रिकेसाठी वापरता तो जुना फाँट नको.

झेरॉक्सवाला

झालं राजेहो. काल तान्ह्या पोळ्याच्या दिवशी टाकलं, मोठ्या पोळ्याचा मुहूर्त हुकलाच. परवा सातवं पान करता करता लाइट गेली अन् सेव्ह होतं पाचवंच. सर, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं.

एकूण अकरा पानं. डावीकडे फूल उमलते, उजवीकडे डोमकळी धडपडते, मग तिची पाकळी काचेसारखी होत जाते अन् आत पांढुरकी अळी. बांधावरच्या ताई, डोकं गडद केलं आहे. मग सापळा. फाइल २९० केबी.

ते डोमकळीवाले काका सकाळी दुकानात आले. मोबाइल डोळ्याजवळ धरून चार फेऱ्या पाहिल्या. मले वाटलं खूश झाले. म्हणे, "सगळं बरोबर हाय, पण ते सापळ्याचं वाचू लागलो की पयतेच ना." पाहिलं तर खरंच, शेवटच्या पानालेही मी ३०० च ठेवले होते. तिथे ४००० टाकले, म्हणजे चार सेकंद. काकायले परत दाखवलं, त्यांनी ओठ हलवत पूर्ण वाचलं, 'आठ पतंग'पर्यंत. मग दुसऱ्यांदा ग्रुपवर टाकलं, आधीचं डिलीट केलं.

आता दोन गावचे लोक सीतादहीच्या (कापूस वेचणी सुरू करतानाची वावरातली पूजा) आधी फुटलेल्या बोंडाचं पाहिजे म्हणून मागून राहिले, शुभेच्छा द्यायले. पाच पाकळ्यायची बिजागरी जमली, पण कापूस बोंडातून फुगून बाहेर कसा आणू? तो फिरवून नाही येत. नवीन धागा उघडतो.